डावं दार

“याचं दार काऊन नाई बसवलं?”

आत्याने विचारलं. तुमच्या तेरवीची सकाळ होती, मोठेबाबा. समोरच्या खोलीत सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, फोटोला हार घालून झाला होता आणि प्रफुल्लदादाने तुमच्या टेबलावरचं हेलिकॉप्टर आणून फोटोशेजारी ठेवलं होतं. आत्या चष्मा सावरत त्याच्या आत डोकावत होती.

“राह्यलं बाबांच्या हातून,” दादा म्हणाला. “पंगती बसायच्या आधी मी चिटकवून टाकतो.”

मी द्रोणांची चवड घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला सांगायचं होतं की ते राहिलेलं नाही. ते दार तुमच्या टेबलावर औषधाच्या गोल डबीत, कापसावर ठेवलेलं होतं, कारण उघडं लावायचं की बंद, हे आपलं ठरलं नव्हतं. एवढं एकच वाक्य होतं. मी द्रोण ठेवायला आत निघून गेले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “काय वं, तुमच्या कॉन्व्हेंटात बोलायले मनाई होती का?” हे तुम्ही मला किती वेळा विचारलं असेल! मनाई होतीच, मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. पण माझं न बोलणं तेवढ्यामुळे नाही. चार माणसं बसलेली असली की माझं वाक्य डोक्यात तयार होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. तुमच्या खोलीत तसं होत नसे. तिथे आपण दोघंच असायचो आणि दोघांचेही डोळे तिसऱ्याच वस्तूवर असायचे.

ती वस्तू पहिल्यांदा घरात आली तेव्हा तुम्हाला रिटायर होऊन थोडेच महिने झाले होते. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, भामरागड, एटापल्ली, अहेरी अशी फिरत काढून तुम्ही चंद्रपूरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आला होतात. तुमचा वेळ जावा म्हणून दादाने पुण्याहून लढाऊ विमानाच्या मॉडेलचा डबा पाठवला. त्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीक बारीक भाग होते आणि एक घडी घातलेला कागद. तुम्ही अंगणातून हाक मारलीत, “मॅडम, या बरं इकडं. घरी इंग्रजी आली आहे.”

शाळेची लायब्ररी बंद करून आले की मी रोज तो कागद वाचायला बसू लागले. त्यात वाचायचं फार काही नव्हतंच. सगळी चित्रं आणि बाण. मधूनमधून ‘हे वाळू द्या’, ‘हे आत्ताच चिकटवू नका’, एवढंच. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की तुम्हाला कागद नीट समजतो. माझ्या ते लक्षात आलंय, हे तुमच्याही लक्षात आलं. तरी तुम्ही हाक मारत राहिलात आणि मी येत राहिले. त्यावर आपण कधी बोललो नाही. म्हणून आता सांगते, मला ती हाक आवडायची.

पहिल्या विमानात वैमानिकाच्या डोक्यावरची काच तुम्ही झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलीत, चपला चिकटवायला घरात असतो त्या. सकाळी पाहिलं तर काच आतून पांढरी पडलेली. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विमान खिडकीच्या उजेडात धरलंत, एक डोळा मिटलात आणि म्हणालात, “घ्या. पहिल्याच उड्डाणात मोतीबिंदू.” मी इतकी हसले की आई पाहायला आली. तेव्हापासून काचांसाठी सुताराचा पांढरा गोंद. वाळायला वेळ घेतो, पण नजर शाबूत ठेवतो.

दोन-तीन विमानं झाली. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहेत, कपबशांच्या वरच्या फळीवर. मग एका संध्याकाळी तुम्ही हातातल्या पंखावरून कानस फिरवत, माझ्याकडे न पाहता विचारलंत, “चेतक भेटते का वं त्या इंटरनेटवर?”

चेतक म्हणजे कोणतं हेलिकॉप्टर ते मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत आहे आणि कुणीही त्याचं नाव काढत नाही. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तुम्ही तेव्हा भामरागडला होतात, मोठी आई तुमच्याजवळ होती आणि तुम्हा दोघांचा दादा शाळेसाठी इथे, माझ्या आईबाबांकडे. पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता तुटलेला असताना मोठ्या आईचं अपेंडिक्स फुटलं. हेलिकॉप्टर आलं. रुग्णाबरोबर एकालाच जागा होती. दवाखान्यातल्या मडावी सिस्टरने जायचं की तुम्ही, असा प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, सिस्टर जाईल, मी जाऊन काय करू. गडचिरोलीला ऑपरेशन चालू असतानाच मोठी आई गेली. पाणी उतरून तुम्ही तिथे पोहोचलात तोवर बाबांनी तिचं सगळं उरकलेलं होतं.

मला इतकंच माहीत होतं, आणि तेही आईकडून, कधीतरी भाजी निवडताना कळलेलं.

मी शोधलं. आपलं चेतक मुळात फ्रेंच निघालं. त्या फ्रेंच नावाने एका परदेशी कंपनीचा डबा मिळाला, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा. डब्यावरच्या चित्रात ते बर्फाच्या डोंगरावरून उडत होतं. तुम्ही चित्र बराच वेळ पाहिलंत. “आपल्याकडं बर्फ नाई पडत,” म्हणालात आणि डबा उघडलात.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी काम म्हणू की काय म्हणू! विमानं तुम्ही कागदावर दाखवलं होतं तशी जोडली होतीत. हेलिकॉप्टर कागदाप्रमाणे करायचंच नव्हतं. जुन्या टेलिफोन केबलचे तुकडे तुम्ही कुठे कुठे जपून ठेवलेले निघाले. त्यातली तांब्याची तार सोलून इंजिनाच्या नळ्या झाल्या. आईची फाटलेली चहाची गाळणी कापून इंजिनाची जाळी झाली. तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद सुरीने चिरून सीटचे पट्टे झाले. मी म्हटलं, “मोठेबाबा, पट्ट्यांसाठी गोळ्या जास्त खाऊ नका.” तुम्ही म्हणालात, “पायलटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”

समोरच्या गोल काचेला तुम्ही कंदील म्हणायचात. ती टूथपेस्टने घासून घासून इतकी लख्ख केलीत की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, तिथे काही नाहीच.

रंगावरून भांडण झालं. तुम्ही म्हणत होतात, शेवाळी. मी इंटरनेटवरून फोटो काढून दाखवले. कुठे राखाडी, कुठे पांढरं, कुठे हिरवट. तुम्ही म्हणालात, “तुह्या फोटोत ऊन आहे. पावसात पाहून ये, मंग बोल.” तिथे मी हरले. रंग ओला असताना चंद्रपूरची काळी धूळ त्यावर बसू नये म्हणून तुम्ही वर स्टीलची परात उपडी घालायचात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “माही परात कोणं नेली?” मग रंग वाळल्यावर तीच धूळ तुम्ही खिडकीच्या चौकटीवरून बोटाने उचललीत आणि धुराच्या नळकांड्यामागे, शेपटीवर, हलक्या हाताने चोळलीत. ती काजळी इतकी खरी दिसली की मी वास घेऊन पाहिला.

आणि दार. कंपनीने ते बंदच दिलेलं होतं, पोटाच्या डाव्या बाजूत एकसंध ओतलेलं. मागे सरकणारं दार असल्याची फक्त एक बारीक रेघ होती. तुम्ही त्या रेघेवरून ब्लेड फिरवायला सुरुवात केलीत. रोज थोडं थोडं. प्लास्टिक चिरून आरपार व्हायला किती संध्याकाळी गेल्या! एकदा ब्लेड अंगठ्यात गेलं, तर अंगठ्याला चिंधी बांधून डाव्या हाताने पुढे चालू. मी विचारलं, “उघडं ठेवणार आहात?”

“उघडंच होतं.”

दार निघालं तेव्हा पोट आतून दिसायला लागलं, आणि आत काहीच नव्हतं. मग तुम्ही आतलं करायला घेतलंत. मोठी आई ज्यावर होती ते स्ट्रेचर. चेतकमध्ये ते आडवं बसतं, पायलटच्या पाठीमागे, एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे. हे तुम्हाला आठवत होतं आणि माझ्या फोटोंतही तसंच होतं. निदान एवढ्यावर आपलं जमलं. पातळ कागद पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवून त्याचं लाल ब्लँकेट केलंत, खाली कुणीतरी असावं तसं किंचित फुगलेलं. माणूस मात्र केला नाहीत. मी विचारलं नाही.

ब्लँकेटच्या दाराकडच्या टोकाला एक चंदेरी ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा. मला वाटलं, सीटच्या दांड्या रंगवताना ब्रशचा थेंब उडाला. मी काडीला कापूस गुंडाळून पुसायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

“राहू दे.”

“डाग आहे मोठेबाबा.”

“राहू दे म्हटलं ना.”

मी काडी टाकून दिली. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याची ही एकच वेळ, आणि तोही तसा फार चढला नव्हता.

त्या हिवाळ्यात आपण दोघं भामरागडला गेलो. बाबांना तुम्ही सांगितलंत, पोरीले संगम दाखवून आणतो. आलापल्लीला बस थांबली तेव्हा तुम्ही खिडकीतून एका गल्लीकडे बोट केलंत. “मडावी सिस्टरचं घर तिकडं आहे. रिटायर झाली आता.” मी म्हटलं, उतरू या का? तुम्ही म्हणालात, बस सुटेल. बस तिथे सगळ्यांचा चहा होईपर्यंत उभी होती.

भामरागडात एका टपरीवरच्या म्हाताऱ्याने तुम्हाला ओळखलं. “जोहार भाऊ! टेलिफोनवाले ना तुमी?”

“हो.”

“तुमचा फोन कवाच लागे नाई बाप्पा!”

टपरीवरची माणसं हसली. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, “एक डाव लागला होता.”

म्हाताऱ्याला आठवलं असावं. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला आणि आपल्या दोघांना चहा दिला. हेलिकॉप्टर बोलावणारा फोन तुम्हीच जोडला होता, हे मला त्या टपरीवर कळलं. घरी ते कुणी सांगितलं नव्हतं.

मैदानावर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. तुम्ही त्यांच्या कडेने चालत एका जागी थांबलात. “मी इथी होतो. ते तिथी. तोंड नदीकडं. डावं दार माह्याकडं.” तुम्ही हात वर नेत नेत नदीपलीकडच्या झाडांपर्यंत नेलात. “वर गेलं तरी उघडंच होतं. मले दिसत होती ती.”

बॉल आपल्याकडे आला. तुम्ही तो पायाने परत दिलात आणि आपण बसस्टँडकडे निघालो.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. स्ट्रेचरवर झोपवलेला माणूस खालून, मैदानातून, कसा दिसेल? आणि अपेंडिक्स फुटलेला पेशंट घेऊन भर पावसात दार उघडं ठेवून कोण उडेल? तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही दारात पाहिलं असेल, जमिनीवर. वर जाताना नाही. मी लायब्ररीत बसते, दोन पुस्तकं एकमेकांशी जुळली नाहीत तर मला चैन पडत नाही. तुमचं म्हणणं आणि हेलिकॉप्टर जुळत नव्हतं. दार अजून डबीत होतं, आणि बाकी सगळं झालं होतं.

शेवटच्या त्या संध्याकाळी मी तुम्हाला मोबाईलवर एक फोटो दाखवला. हवेत उडणारं तेच हेलिकॉप्टर, काचेतून दिसणारं स्ट्रेचर, दार घट्ट बंद.

तुम्ही तो पुष्कळ वेळ पाहिलात. “हे कोणत्या देशातलं आहे?”

“माहीत नाही.”

“मंग?”

“देश कुठला का असेना, मोठेबाबा. पेशंट आत आहे, पाऊस आहे. दार लावलंच असणार त्यांनी. आणि आडवा झोपलेला माणूस खालून दिसत नाही.”

तुम्ही ब्रश धुवायला घेतलात. तो आधीच धुतलेला होता.

“सिस्टरला विचारा ना,” मी म्हटलं. “त्या आत होत्या. एका मिनिटात कळेल.”

“तिले काय विचारायचं?”

“दार.”

“पाहू मंग,” तुम्ही म्हणालात.

ते पाहणं झालं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या घरासमोर गाड्या लागल्या होत्या आणि तुमच्या खोलीत कुणीतरी टेबलावरचं सगळं आवरून एका कडेला सारत होतं.

मी ते बोलले याचं मला वाईट वाटत नाही. मला ते खरंच वाटत होतं, आणि तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळालं असतं? माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारं माणूस घरात एक होतं. त्या माणसाशी मी भांडले, हे मला उलट बरं वाटतं. वाईट वाटतं ते एवढ्याचं की उत्तर द्यायची पाळी तुमची होती.

एक गोष्ट मला उशिरा कळली, तेरवीचे तांदूळ निवडताना. आलापल्लीला तुम्ही का उतरला नाहीत. सिस्टरला लग्नकार्यात इतक्या वेळा भेटून कधीच का विचारलं नाहीत. ती म्हणाली असती, “दार तर मी लगेच लावलं होतं भाऊ,” तर तुमच्याजवळ जे एक शेवटचं पाहिलेलं होतं तेही गेलं असतं. तुम्हाला माझा फोटो खोटा ठरवता येत होता. तिला ठरवता आलं नसतं.

तेरवीला मडावी सिस्टर आली. आलापल्लीहून सकाळच्या बसने, भाच्याला सोबत घेऊन. पांढरे केस, हातात काठी, पण पाठ ताठ. आत्याने तिला भिंतीला टेकून बसवलं. तिने फोटोला हात जोडले आणि मग तिची नजर शेजारी गेली. हेलिकॉप्टरकडे ती पाहतच राहिली. कुणी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण आधी फोटोपुढे वाकायचा आणि मग हेलिकॉप्टरपुढे. “आत काय आहे?” “खाट आहे वाटते.” “रंगवलं मस्त हो भाऊनं.” एका काकांनी बोट आत घालून पाहिलं.

दादा माझ्याजवळ आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे तो एकदम शाळकरी दिसत होता. हळू आवाजात म्हणाला, “आत स्ट्रेचर आहे ते तुले माहीत आहे ना? सगळे डोकावून राह्यले. माही आई आहे ती.” त्याच्या एका हातात तुमची गोल डबी होती. “मी लावून टाकतो दार.”

दुसऱ्या हातात ट्यूब होती. चपलांचा गोंद.

तो वळला, हेलिकॉप्टरपाशी मांडी घालून बसला, ट्यूबचं टोपण दाताने काढलं. दाराला काच होती. दाराशेजारी कंदील होता, टूथपेस्टने घासलेला. संध्याकाळपर्यंत सगळं पांढरं झालं असतं, आणि आतलं परत कुणालाच कधी दिसलं नसतं. या वेळी वाक्य तयार व्हायला वेळ लागला नाही.

“दादा, तो गोंद नको.”

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“अवं, बोलली पोरगी!” आत्या म्हणाली.

“काऊन नको?” दादाने विचारलं.

“काच पांढरी पडते त्याने. मोठेबाबांच्या पहिल्या विमानाची पडली होती.”

दादाने ट्यूबला टोपण लावलं आणि डबी माझ्यापुढे धरली. “मंग तू लाव. तुले जो गोंद माहीत आहे त्यानं लाव. पण आता बंद करून टाक ते.”

बंद. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी ज्यासाठी भांडले होते तेच तो मला करायला सांगत होता. पांढऱ्या गोंदाची बाटली तुमच्या टेबलाखाली कुठे आहे हे मला माहीत होतं. तुम्ही नव्हतात, ज्याची आई आत होती तो सांगत होता, आणि माझं म्हणणं तर तेच होतं. माझ्या तळहातावर ती डबी होती आणि आत कापसावर ते दार, नखाएवढं.

मी भिंतीकडे वळले.

“सिस्टर,” मी म्हटलं, “ते वर गेलं तेव्हा दार उघडं होतं का?”

पुढचा क्षण मला अजिबात आवडला नाही, मोठेबाबा. तुम्ही पंचवीस-तीस वर्षं जे विचारलं नाहीत ते मी तुमच्या फोटोसमोर, भरल्या घरात विचारून बसले होते. ती ‘नाही’ म्हणाली असती तर ते तुमच्यासमोरच म्हणाली असती.

सिस्टरने काठी मांडीवर आडवी घेतली.

“मी लावाले गेली ना दार,” ती म्हणाली. “पायलट ओरडून राह्यला होता, बंद करो, बंद करो. मी ओढून राह्यली, पण लागेच ना. मले वाटलं अटकलं. पाह्यते तं हिनं पाय टाकला मधात.”

“कोणं?” आत्याने विचारलं.

“वहिनीनं. दुखून राह्यलं होतं तिले, दात खाऊन पडली होती. तरी मान उचलून बाहेर पाहे, आन् पाय काही काढे ना. मी म्हटलं, बाई, पाय घे आत, पाऊस येते. तं म्हणे, थांबा ना सिस्टर, ते दिसून राह्यले अजून.”

सिस्टर दादाकडे पाहून बोलत होती.

“नदी पार झाली. झाडं आली मधात. तवा काढला तिनं पाय. मंग लावलं मी.” तिने फोटोकडे पाहिलं. “भाऊनं कवाच विचारलं नाई मले. मी बी म्हटलं, आपण काऊन विषय काढा.”

म्हणजे दार उघडं होतं. आणि नंतर बंदही होतं. तुम्हाला दिसत होतं तोवर उघडं, आणि मी म्हणत होते तसं बंद, पण तुमच्या नजरेपलीकडे. झोपलेला माणूस खालून दिसत नाही, हे माझं अजूनही बरोबर आहे. तुम्ही पूर्ण माणूस दिसला असं कधी म्हणालाच नव्हतात.

दादाने हेलिकॉप्टर दोन्ही हातांत उचललं, त्याच्या आत काय आहे ते दिवसभरात पहिल्यांदाच नीट पाहावं तसं. खिडकीशी नेलं. डाव्या बाजूने उजेड आत जाईल असं तिरकं धरलं आणि एक डोळा मिटला. तुम्ही मिटायचात तसाच.

“ब्लँकेटच्या टोकाले हे काय चमकून राह्यलं?” त्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी डबीचं झाकण लावलं.

“जोडवं आहे, दादा,” मी म्हटलं. “दार लावायचं नाही.”